नदीची गोष्ट सांगायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही जण शास्त्री नदीच्या खोऱ्यात, संगमेश्वर तालुक्यात, नदीकाठी बैठका घेतो. बोलावलं तर उत्तरेला महाडपर्यंत जातो, दक्षिणेला राजापूरपर्यंत. एकेकाने उठायचं आणि आपल्या नदीची, पऱ्याची किंवा व्हाळाची, म्हणजे ओढ्या-नाल्याची, स्वतः पाहिलेली गोष्ट सांगायची, एवढाच कार्यक्रम. फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. क्रमाने वाचायची गरज नाही. जिथे अडलंय तिथून सुरू करा.

माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. नुसतं ऐकायला आलं तर चालेल?

चालेल की. पण असं म्हणत येणारी माणसंच बहुतेक वेळा उशिरा उठतात आणि चांगलं सांगतात. 'काही नाही' याचा अर्थ 'पेपरात छापून येईल असं काही नाही' एवढाच असतो. तसलं आम्हाला नकोच आहे.

एका बैठकीला एक काकी आल्या होत्या. "मला काय येतंय, मी आपली जावेबरोबर आले," म्हणाल्या. कुणीतरी सहज विचारलं, की तुम्ही गोधड्या कुठे धुवायला न्यायचात? मग थांबेनात. मे महिन्यात वाडीतल्या बायका गोधड्यांची गाठोडी डोक्यावर घेऊन निघायच्या. आपटायला एक लांबट, पाठीसारखा उतरता कातळ होता. भिजलेली गोधडी पिळायला चौघी लागायच्या, दोघी या टोकाला आणि दोघी त्या. पिळताना एखादीचा पाय घसरला की चौघीही पाण्यात. कातळाच्या वरच्या अंगाला एक खोबण होती, त्यात चपला आणि साबणाची वडी ठेवायची. हे सगळं हसत हसत सांगून झालं आणि मग काकी म्हणाल्या, "तो कातळ आता दिसत नाही. चपला ठेवायच्या त्या खोबणीपर्यंत गोटा आणि वाळू आलीय."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. गोटे बाजूला करून हात घातला तर खोबण लागली. त्या जागी नदीचं पात्र किती भरलंय याचं मोजमाप कुठल्याच कार्यालयात नव्हतं. काकींच्या चपलांमुळे ते आम्हाला मिळालं.

तेव्हा घरी बसून आठवून बघा. तुमच्या वाटणीच्या नदीत कोंडी, म्हणजे डोह, किती आणि त्यांची नावं काय? पोहायला पहिल्यांदा कुणी ढकललं? तरीतून, म्हणजे होडीतून, शाळेत जायचात का, तरवाला पैसे घ्यायचा की वर्षाला भात? गौर कुठल्या पाणवठ्यावरून आणायचात, आणि तिथे तेरडा अजून उगवतो का? आणि एक प्रश्न घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आवर्जून विचारा: नदीचं पाणी प्यायचं आपण कधी थांबवलं? साल सहसा सांगता येत नाही, "धाकटीच्या लग्नापर्यंत पीत होतो" असं उत्तर येतं. लग्नपत्रिका शोधली की साल मिळतं.

गोष्टी सांगून नदी वाचते का हो? खरं सांगा.

नुसत्या गोष्टीने नाही वाचत. पण जिथे वाचलीय तिथे मुळाशी एखादी गोष्ट सापडते, हेही खरं.

महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे. काळ ही सावित्रीची उपनदी. काठावर वरदायिनी देवीचं ठाणं, आणि कोंडीत हातभर लांबीचे महसीर मासे. माणसं काठावर बसून त्यांना खाऊ टाकतात, मासे वर येतात, पण त्यांना कुणी धरत नाही, कारण ते देवीचे मासे. वर पालघर जिल्ह्यात, वाडा तालुक्यात, वैतरणेच्या काठी तिळसेश्वराचं देऊळ आहे, तिथलीही रीत हीच. मत्स्य खात्याचा शिपाई तिथे रात्रंदिवस उभा नसतो. पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली एक गोष्ट उभी असते. आपल्याकडच्या देवरायांचंही तेच. देवराईतली काठी तोडायची नाही म्हणून झाडं राहिली आणि झाडं राहिली म्हणून खालचा झरा राहिला.

हे ऐकल्यावर एका बैठकीत एक उत्साही गृहस्थ म्हणाले, "मग प्रत्येक कोंडीवर एकेक देवी बसवू या." तसं होत नाही. देवीची हद्द संपली की राखणही संपते, आणि वरून येणारं सांडपाणी हद्द विचारत नाही. शिवाय भीतीवर राखलेलं पुढची पिढी राखेलच असं नाही. आमच्या बैठकांत देवाच्या गोष्टी येतात, आम्ही अडवत नाही. पण त्यापुढे जाऊन माणूस स्वतःचं काय सांगतो, तिकडे आमचा कान असतो.

दुसरं उदाहरण अलीकडचं. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर, त्याच वर्षी डिसेंबरात, वाशिष्ठीतला गाळ काढा म्हणून चिपळूणकर साखळी उपोषणाला बसले आणि गाळ उपसायला सुरुवात झाली. मागणी तांत्रिक होती, पण तिथे बसलेल्यांच्या घरादुकानांत पाणी शिरलेलं होतं. स्वतःच्या माजघरातला चिखल फावड्याने ओढलेला माणूस 'गाळ' हा शब्द उच्चारतो तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याला तो वेगळा ऐकू येतो.

पुराची गोष्ट सांगायची आहे, पण ती नुसती रडकी होते. काय करू?

रडू आलं तर येऊ द्या. आम्ही तेव्हा फोन खाली ठेवतो, रेकॉर्डिंग बंद करतो. पण गोष्टीत आकडे असू द्या, तुमच्या घरातले.

पाणी कुठपर्यंत आलं? तिसरी पायरी, देव्हाऱ्याचा खालचा खण, विजेच्या मीटरची पेटी, असं सांगा. दुसऱ्या दिवशी टेपने मोजून भिंतीवर रंगाची रेघ ओढा आणि शेजारी तारीख घाला. पाणी किती वाजता दिसलं, किती वाजता झपाट्याने वाढलं आणि त्या दिवशी भरती किती वाजता होती, हे तिन्ही एकत्र लिहा. चिपळूण, महाड, राजापूर, संगमेश्वर ही जुनी बंदरं. घाटावरून उतरणारी नदी जिथे सपाट होते आणि खाडीची भरती जिथपर्यंत चढते तिथे ती वसली. म्हणूनच गलबतं तिथपर्यंत यायची, सतराव्या शतकात राजापुरात इंग्रजांची वखार होती. त्याच कारणाने आज वरून लोंढा आणि खालून भरती एका वेळी आली की शहर मधल्या मधे सापडतं. पात्रात गाळ साठलेला असेल तर बघायलाच नको.

वाशिष्ठीचं आणखी एक वेगळेपण आहे. कोयना वाहते पूर्वेला, कृष्णेकडे. पण वीज करण्यासाठी तिचं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पाडलं जातं आणि ते अवजल वाशिष्ठीत येतं. वाशिष्ठीला ऐन उन्हाळ्यात पाणी दिसतं ते त्यामुळे. पुराच्या दिवशी धरणाचं किती आणि पावसाचं किती हा वाद चिपळुणात कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकायला मिळेल. बैठकीत तुम्ही तो सोडवायला जाऊ नका. तुमच्या दारात पाणी किती वाजता चढलं हे नीट सांगितलंत, तर वाद घालणाऱ्यांच्या हातात निदान काहीतरी खरं पडेल.

'निळी रेषा' आणि 'लाल रेषा' हे शब्द कानावर येतील. निळी म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. २००५ च्या २६ जुलैला आणि २०२१ ला, दोन्ही वेळा ज्याने घर धुतलंय, त्याला या 'वर्षांतून एकदा'चं हसू येतं. तेही सांगा.

नदीच्या नासाडीत आपलाच हात असेल तर? ते सांगायचं का?

तेच आधी सांगा. दुसऱ्याला सांगण्याआधी मी माझं सांगतो.

दहावीच्या सुट्टीत आम्ही चुलत-मावस भाऊ मिळून सात जण कोंडीवर गेलो. नदी आटलेली, नुसत्या कोंडी उरलेल्या. आजोबांच्या काळात रामेठ्याची साल ठेचून पाण्यात टाकायचे, की मासे गुंगून वर येत. आम्हाला तेवढी ठेचत बसायची सवड नव्हती. विहिरीत टाकायला आणलेली टीसीएल (ब्लिचिंग) पावडर एकाने घरून उचलून आणली होती. ती फडक्यात बांधली आणि काठीला लावून पाण्यात हलवत राहिलो. पाणी दुधाळ झालं. थोड्याच वेळात पांढरी पोटं वर यायला लागली. शिंगटी, मरळ, दोन वामी, आणि बोटाएवढे कितीतरी, ज्यांची नावंही आम्हाला ठाऊक नव्हती. मोठे तेवढे घेतले. मला अजून दिसतात ते खेकडे. बिळांतून बाहेर येऊन ते कातळावर चढले होते, उन्हात, आणि जवळ गेलं तरी पळत नव्हते.

तिसऱ्या दिवशी वास सुटला. खालच्या कोंडीवर चुलतीची म्हैस पाण्याला तोंड लावेना. जेवताना चुलती म्हणाली, "कुणाची कर्तबगारी रे ही?" मी भाकरी मोडत राहिलो. तिला मी कधीच सांगितलं नाही, आणि आता ती नाही.

वीसेक वर्षांनी हे मी पहिल्यांदा बैठकीत सांगितलं. खाली बसलो तर मागून एक जण उठला, म्हणाला, "आम्ही जिलेटिन लावलं होतं." मग आणखी दोघे उठले. मासे मारायला पाण्यात विष किंवा सुरुंग वापरणं हा १८९७ च्या मत्स्य कायद्यापासूनचा गुन्हा आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नुसतं ठाऊक असण्याचा काही उपयोग झालेला नव्हता. आता वाडीतली पोरं पिशवी घेऊन नदीकडे वळली की कुणीतरी हटकतं. हटकणाऱ्याला "तुम्ही काय दिवे लावलेत?" असं विचारायची सोय पोरांना राहिलेली नाही, कारण ते आधीच सांगून झालंय.

चढणीच्या माशांचंही असंच. पहिल्या पावसात अंड्यांवर आलेले मासे पऱ्यांतून भातशेतीकडे चढतात आणि आपण सगळे विजेऱ्या, टोपल्या, पाग (फेकायचं जाळं) घेऊन धावतो. ती रात्र कोकणातल्या माणसाला सोडवत नाही, मलाही नाही. पण तोंडाशीच आडवं जाळं लावून सगळे काढणं वेगळं आणि जेवणापुरते घेऊन बाकीच्यांना चढू देणं वेगळं. आमच्याकडे एका म्हाताऱ्या बाबांनी सांगितलं, की त्यांचे वडील पोटाशी फुगलेला मासा हातात आला तर परत सोडायचे, आणि सोडताना त्याला शिवी द्यायचे. का, ते बाबांनाही ठाऊक नव्हतं.

पाणी कुणी खराब केलं ते मला ठाऊक आहे. कंपनीचं नाव घेऊ का?

बैठकीत घेऊ नका. त्याला दोन कारणं आहेत.

एक कायद्याचं. बदनामीची तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, आणि वकिलाची फी नदी भरत नाही. दुसरं कारण मला जास्त पटतं. 'अमक्यांनी सोडलं' हा तुमचा निष्कर्ष आहे. तुम्ही पाहिलंत ते त्याहून जास्त वजनाचं असतं. एका खाडीवरच्या भोई दादांनी सांगितलं, "पाग ओढला तर जाळ्याला साबणासारखा फेस. हाताला लागला तो राख लावून घासला तरी वास जाईना. घरी बायकोने ताट लांबून सरकवलं." एवढं बोलून ते बसले. नाव कुणाचंच घेतलं नाही, पण त्या रात्री बैठकीतून कुणी लवकर उठून गेलं नाही.

त्यांनी सांगितली ती तिथी होती, अमावास्येचं उधाण. खाडीवरची माणसं दिवस तसेच मोजतात. आम्ही तिथल्या तिथे कॅलेंडर काढून तारीख लिहून घेतली. तारखेचा आग्रह यासाठी, की राष्ट्रीय हरित लवादाकडे (आपल्यासाठी पुण्याचं खंडपीठ) दाद मागायची तर कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते. "शिमग्याच्या आसपास कधीतरी" असं लवादापुढे चालत नाही.

पाण्याची बाटली भरून फडताळात ठेवणारे बरेच भेटतात. ठेवा, पण तिच्यावर विसंबू नका. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात नमुना कुणी आणि कसा घ्यायचा याची रीत कलम २१ मध्ये ठरवून दिलेली आहे, तो प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने घ्यावा लागतो. म्हणून पाण्याचा रंग बदलला की त्याच घटकेला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा, कळवल्याची वेळ लिहून ठेवा आणि पोच घ्या. मंडळ हललंच नाही, तर त्याच कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे साठ दिवसांची नोटीस देऊन साधा नागरिकही न्यायालयात तक्रार करू शकतो. पण ही कामं वकिलाला विचारून करा, गोष्टीच्या भरात नको.

माझा भाऊ वाळूच्या धंद्यात आहे. मी काय तोंडाने बोलू?

हा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि तो आमच्यातल्या तिघांचाही आहे.

हातपाटीवाला आणि ड्रेजरवाला एका मापाने मोजू नका, एवढं पहिलं. होडीतून बुडी मारून पाटीने वाळू काढणारा दिवसभरात काढून काढून किती काढणार? त्याची छाती आधी भरते. सक्शन पंप रात्रभरात तळ खरवडून नेतो. तळ खोल गेला की खाडीचं खारं पाणी वर चढतं, काठ ढासळतात, काठच्या माडांची मुळं उघडी पडतात. मग एक दिवस विहिरीच्या पाण्यात डाळ शिजेनाशी होते. आमच्याकडची वाळूची चांगली गोष्ट एका वहिनींनी त्या डाळीपासूनच सुरू केली होती. त्यांचा दीर समोर बसला होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही आणि त्याचं नावही घेतलं नाही. तो पुढच्या बैठकीला आला. बोलला नाही, पण सतरंज्या उचलायला थांबला.

भावाला उघडं पाडायला बैठक घेत नाही आपण. विहिरीचं सांगा.

शुद्ध मराठीत बोलायला हवं का?

मुळीच नको. संगमेश्वरी, मालवणी, आगरी, खाडीपट्ट्यातल्या मुसलमान घरांतली बोली, जी घरात बोलता तीत बोला. एका आजींना शाळेच्या वर्गात बोलायला उभं केलं तर त्या "नदीचे पाणी पूर्वी पुष्कळ होते" एवढंच म्हणून गप्प झाल्या. नदीवर नेल्यावर त्याच म्हणाल्या, "हितं गल्यापत्तर पानी येयाचा. आता पाय भिजत नाय." लिहून घेतानाही ते सुधारू नका. पऱ्या, व्हाळ, कोंड, खाजण या सगळ्याला 'जलस्रोत' म्हटलं की गोष्ट सुकते.

शिवाय आपल्याकडे गाऱ्हाणं घालायची रीत आहेच. देवापुढे उभं राहून अडचण नावानिशी, ठिकाणानिशी मांडायची आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. नदीची गोष्ट सांगायला याहून चांगला साचा मला तरी सापडलेला नाही. काही गावांत बैठक संपताना कुणीतरी आपणहून गाऱ्हाणं घालतं. आम्ही सुचवत नाही, नाहीतर त्याचाही 'कार्यक्रम' होईल.

म्हातारी माणसं बोलतच नाहीत.

फोन त्यांच्या तोंडापुढे धरलात तर कशी बोलतील? पहिल्या भेटीत रेकॉर्डिंग नको. पान-सुपारी काढा, त्यांच्याबरोबर नदीवर चाला. जागा दिसली की आठवण येते, आणि उतारावर हात धरावा लागतो म्हणून आपणही मुकाट जवळ राहतो. एका वेळी एकच प्रश्न विचारा. ते चुकीचं साल सांगत असतील तर मधे तोडू नका, नंतर ताडून बघा. परवानगी मात्र दोनदा घ्या, एकदा रेकॉर्ड करण्याआधी आणि एकदा दुसऱ्यांना ऐकवण्याआधी. दुसऱ्यांदा "नको" म्हणाले तर नको.

मी मुंबईत असतो, वर्षातून दोनदा येतो. माझी गोष्ट चालेल?

उलट हवीच आहे. रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही, चाकरमान्याला दिसतो. फक्त "गावच्या लोकांना किंमत नाही" हे वाक्य बोरिवलीलाच ठेवून या. आणि गणपतीला आलात तर तुमच्या गाडीतून आलेल्या प्लास्टिकचं काय झालं तेही सांगा.

मगरीची गोष्ट थोडी वाढवून सांगितली तर?

नका वाढवू. सावित्रीत, वाशिष्ठीत, जगबुडीत मगरी आहेतच, खोटं घालायची गरज नाही. एका बैठकीत मगर पहिल्या तोंडून आठ फुटी निघाली आणि चौथ्या तोंडी पंधराची झाली. सगळे हसले, पण पुढे त्याच माणसाने मेलेल्या माशांचं सांगितलं तेव्हा ते कुणी खरं धरलं नाही.

गणपती विसर्जनाचं बोललं तर लोक चिडतात.

चिडतात, कारण बोलणारा उपदेश करतो. तुमच्या घरी पूर्वी मूर्ती कुणाकडून यायची, शाडूची की मातीची, विसर्जनानंतर किती दिवसांनी पाटाखालची माती पाण्यात विरलेली दिसायची, एवढं सांगा. प्लास्टरचा हात पुढच्या मे महिन्यात कोंडीच्या तळाशी सापडल्याचं पाहिलं असेल तर तेही सांगा आणि बसा. बाकीचं ज्याचा तो बघेल.

शाळेतल्या मुलांना आणायचं का?

आणा, पण त्यांना 'नदीचे महत्त्व' पाठ करायला लावू नका. त्यांना एक काम द्या. घरातल्या तिघांना नदीतल्या कोंडींची नावं विचारून यायचं. एका शाळेत मुलांनी मिळून सतरा नावं आणली, त्यातली सहा शिक्षकांनीही कधी ऐकली नव्हती. मग नावं नकाशावर मांडली. पाऊस संपल्यावर मुलांना वनराई बंधाऱ्याच्या श्रमदानाला न्या. ज्याने वाळूची गोणी खांद्यावरून आणून रचलीय, त्याला फेब्रुवारीत तिथलं पाणी बघायला जावंसं वाटतं.

किती वेळ बोलायचं? माईक, व्हिडिओ?

सात-आठ मिनिटं. माईक नको, तीस-चाळीस माणसांना आवाज पुरतो. आवाज रेकॉर्ड करा, व्हिडिओ शक्यतो नको. कॅमेरा लागला की माणूस केस सारखे करतो आणि गोष्टही. पुढारी आले तर बसवून घ्या, त्यांनाही सात मिनिटं, आणि नियम तोच: स्वतः पाहिलेलं सांगायचं. एकदा एका पुढाऱ्यांनी लहानपणी नदीत बुडता बुडता वाचल्याचं सांगितलं. झकास सांगितलं. शेवटी निधीची घोषणा करायला लागले तेव्हा घंटा वाजवली.

गोष्टी सांगून झाल्या. पुढे काय?

लगेच काही करू नका, चार दिवस जाऊ द्या. मग वही उघडून गोष्टींतल्या जागा, तारखा, मासे, झाडं, पाण्याच्या पातळ्या वेगळ्या काढा. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. ती नोंदवही बघायला मागा. पुष्कळ ठिकाणी ती बाहेरच्या कुणीतरी भरलेली दिसेल, आणि तिच्यात तुमच्या कोंडीचं नावही नसेल. ते घालून घ्या, कुठले मासे पूर्वी मिळायचे तेही. एकदा सरकारी वहीत चढलं की पुढे कुणी "इथे काही नव्हतंच" म्हणू शकत नाही.

दुसरी जागा ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. गोष्टीवरून एकच मागणी काढा, लहान आणि ठिकाण सांगणारी. 'नदी वाचवा' असा ठराव कुणीही हात वर करून मंजूर करतो आणि विसरतो. 'अमुक कोंडीच्या वर कचरा टाकायची जागा हलवा' यावर भांडण होतं. भांडण झालं तर समजा मागणी बरोबर निघाली. पुढे काय झालं ते कळत नसेल तर माहितीचा अधिकार आहे, दहा रुपये आणि तीस दिवस.

राज्य सरकारचं 'चला जाणूया नदीला' हे अभियान २ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. तुमची नदी त्यात असेल तर तिथल्या लोकांना भेटा. नसेल तर थांबू नका.

बैठक कधी घ्यावी? खर्च किती?

मे महिना उत्तम, नदीचा तळ उघडा असतो आणि मुंबईचे लोक आलेले असतात. शिमग्यात प्रयत्न करू नका, पालखीपुढे कुणी तुमचं ऐकणार नाही. पावसात देवळात किंवा शाळेच्या पडवीत. खर्च चहा-साखरेचा आणि एका बॅटरीच्या दिव्याचा. काठावर बसणार असाल तर भरतीची वेळ बघून बसा. एकदा आम्ही न बघता बसलो आणि सतरंजी गुंडाळून पळावं लागलं.

कुणी आलंच नाही तर?

आमच्या पहिल्या बैठकीला चार माणसं होती. त्यातले तिघे आम्हीच. चौथे एक आप्पा, ते हरवलेली म्हैस शोधत आले होते. अंधार पडला म्हणून टेकले, चहा घेतला, आणि म्हैस नेहमी कुठल्या उतारावरून पाण्याला जाते, आता तिथे पाणी नाही म्हणून ती कुठे भटकते, हे सांगायला लागले. साडेनऊपर्यंत बोलत होते. म्हैस दुसऱ्या दिवशी पलीकडच्या वाडीत, एका बोअरवेलच्या गळक्या नळाशी उभी सापडली.